मान तुटलेला मोर

पंचाहत्तर साली साखर पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात मी मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. नक्षीची भोकं पाडलेले पुठ्ठे ओळीनं ओवून मागावर चढवायचे, ते काम नरसय्या मास्तरांचं. माणूस हुशार, पण फाटक्या तोंडाचा. चूक दाखवायला गेलेल्यालाच झापायचे. हळूहळू तक्रारी बंद झाल्या. मास्तर खूश! अहो, सांगणाऱ्याला झोडपलं म्हणून चूक पळून जाते होय? ती मागावरच बसते की.

त्या सकाळी त्यांनी तयार चादरींचा गठ्ठा सोडला. प्रत्येक चादरीवर मोराची मान तुटलेली. एक पुठ्ठा उलटा ओवला होता.

"कुणालाच दिसलं नाही?"

"पहिल्याच चादरीला दिसलं की," विणकर मल्लय्या पुटपुटला.

"मग बोलला का नाहीस?"

माग थांबले. मास्तरांनी सगळ्यांकडे पाहिलं. शेडमध्ये एकही मान वर नव्हती.