काकूंचा फ्रीज, माझं मीटर

मुलुंडला खोली शोधत होते तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे आणि मग म्हणायचे, "कळवतो." कळवलं कुणीच नाही. काकूंनी आडनाव विचारलं नाही. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या त्यांच्या. एकीत त्या एकट्या राहायच्या, दुसरी भाड्यानं द्यायची होती. मला त्यांनी एवढंच विचारलं, "मासे खातंस मा?"

मी हो म्हटलं.

"मग झाला. वास येता म्हणान रडणारा भाडेकरू माका नको."

मी वाशीमकडची. नववीत असताना आई आजारी पडली, घरी भाकऱ्या थापायला कुणी नव्हतं, म्हणून शाळेतून घरी आले ती परत गेलेच नाही. इथं पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. एवढ्या लांब, एवढ्या मोठ्या शहरात कुणी आडनाव न विचारता किल्ली हातात ठेवली, हे मला देवानं दिल्यासारखं वाटलं. देव मानत नाही आम्ही, तरी वाटलं.

खोलीत एक कॉट, एक पंखा आणि काकूंच्या मालकांनी गिरणी सुटल्यावर घेतलेला फ्रीज. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. "फ्रीजसकट खोली," म्हणून भाडं थोडं वर. त्यात माझं काय असायचं? पाण्याची बाटली, अर्धं लिंबू, केंद्रातली उरलेली भाजी. वरच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र काकूंचे बांगडे. त्यांचा नवा फ्रीज छोटा, म्हणून जादाचे मासे माझ्याकडे. खोलीची एक किल्ली त्यांच्याजवळ होतीच. मी कामावरून आले की कप्पा भरलेला असायचा. मला राग नाही आला. उलट बरं वाटायचं, आपल्या घरात कुणीतरी हक्कानं येतंय.

"फ्रीज कधी बंद करू नको हां," त्यांनी बजावलं होतं. मी कधी केला नाही.

माझ्या खोलीचं मीटर वेगळं. लाइटबिल काकांच्या नावाचं, भरायचं मी. काकू ते दाराखालून सरकवायच्या. पहिली दोन-तीन बरी आली. मग चढायला लागली. एक तर असं आलं की मी कॉटवर बसूनच राहिले. माझंच काहीतरी चुकतंय, हाच पहिला विचार. मी पंखा एकवर आणला. इस्त्री बंद. फोन केंद्रात चार्ज केला, मालकाच्या नजरेआड. दार उघडं ठेवून जिन्यातल्या ट्यूबच्या उजेडात जेवायचे. पुढचं बिल आणखी वर.

"तुमच्या पिढीक बटणा बंद करूची सवयच नाय," काकू म्हणाल्या.

"हो काकू, चुकलं."

काय चुकलं होतं, ते मलाच ठाऊक नव्हतं. तोंडातून तेच निघायचं.

शेजारच्या वहिनींकडे वॉशिंग मशीनला माणूस आला होता, त्याला मी आत बोलावलं. फ्रीज सारखा घुरघुरायचा म्हणून. त्यानं फ्रीजच्या कडेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ताई, तुम्ही लावून बघा." तव्यासारखा तापला होता. मग त्यानं कागदाचा तुकडा दारात धरून दार लावलं. कागद आपोआप खाली पडला.

"रबर गेलंय. गारवा बाहेर चाललाय, मशीन थांबतच नाही. तुम्ही घरात नसलात तरी हा जेवतोय!"

"माझा नाही हो, घरमालकिणीचा आहे."

"मग त्यांनाच विचारा, रबर बसवायचं की भंगारात द्यायचा."

अ‍ॅग्रीमेंटचे अकरा महिने संपत आले होते. काकू नाही म्हणाल्या तर परत ते "कळवतो" सुरू. तरी गेले. शब्द जुळवून, हळू आवाजात सगळं सांगितलं. काकू कोकमं निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"माझ्या घोवाचो फ्रीज तो. माझ्याकडे कधी बिघडलो नाय, तुझ्याकडे इलो नि बिघडलो?"

"जुना झालाय काकू. रबर..."

"वापरता कोण? तू. मग बिल कोणी भरूचा? सगळ्या मुंबईत ह्योच नियम." मग कोकमाकडे बघत म्हणाल्या, "तुझा आडनाव ऐकून कोण दारात उभं करत नव्हतं, इसारलंस?"

म्हणजे त्यांना आडनाव माहीत होतं. असणारच, अ‍ॅग्रीमेंटवर होतं की. पण मला वाटलेलं, त्यांना त्याचं काहीच नाही. इतके महिने त्यांनी ते मनात जपून ठेवलं होतं, लागेल तेव्हा काढायला.

तरी आवाज निघाला. "काकू, उपकार मानते. रोज मानते. पण ते माझ्या मीटरवर चढवू नका."

रविवारी बांगडे पातेल्यात काढून काकूंच्या हातात दिले. प्लग उपटला. वहिनी आणि मी फ्रीजखाली गोणपाट सारून तो ओढत पॅसेजमध्ये आणला, दोन्ही दारांच्या बरोबर मध्ये.

"चांगला आहे ना? मग तुमच्या मीटरवर लावा. तुमचा छोटा मला द्या. एकच महिना. ज्याचं बिल त्यानं भरायचं."

"घ्या ना काकू आत!" वहिनी हसून म्हणाल्या. "एवढा झकास फ्रीज!"

काकूंनी दार लावून घेतलं.

मी पण लावलं आणि रडले. बॅगेत काय भरायचं, केंद्रात पोळ्यांच्या टेबलाखाली झोपू देतील का, सगळा विचार करून झाला. पण फ्रीज आत घेतला नाही. दारावरून जाता-येता लोक विचारायचे, मी सांगायचे. आधी लाजून, मग जरा मोठ्यानं.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "कोणाचा हा? पॅसेज अडलाय."

मी म्हटलं, "घरमालकिणीचा."

काकू दारातून म्हणाल्या, "तीच वापरता. तिचोच तो."

"म्हणजे कोणाचाच नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बरं झालं. खाली भंगारवाला उभाच आहे, बोलावतो."

"खबरदार!" काकू धावत बाहेर आल्या आणि दोन्ही हात फ्रीजवर टाकले. "माझो तो! माझ्या घोवाचो!"

सगळा मजला दारात उभा होता. मला त्यांची दया आली, खरंच आली. तरी बोलले. "तुमचा ना? मग दुरुस्ती पण तुमची. आणि त्यानं खाल्लेली लाइट पण."

संध्याकाळी ते शेवटचं बिल मी त्यांच्या दाराखालून सरकवलं. वर लिहिलं, सुरुवातीच्या महिन्यांइतकं मी भरीन, बाकीचं तुमचं. बिल परत माझ्या दाराखाली आलं नाही. समोरून तळलेल्या बांगड्यांचा वास यायचा, मला हाक यायची नाही.

मग एक दिवस काकू एजंटचे कागद घेऊन आल्या. "सही कर."

मी वाचले, सावकाश, बोट ठेवून. "इथं फ्रीज नाही."

"नाय. फ्रीज माझ्याकडे."

"मग भाडं तेवढंच कसं?"

"तोंड इला गो तुका."

"आलं काकू."

आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं खोडून कमी केला. मग मी सही केली, आडनावासकट, ठळक.

फ्रीज आता त्यांच्या खोलीत खिडकीशी आहे. परवा भाडं द्यायला गेले तेव्हा दिसला. वायर गुंडाळून वर ठेवलेली. दार उघडून काकू आतून तांदूळ काढत होत्या.