काचेतली कौशल्या

औंदा वैशाखात आमच्या घरात पंखा बंद व्हता. आलं-गेलं माणूस घाम पुसत इचारायचं, "कौशल्याबाई, लाईट न्हाई का?" लाईट हाय की! पर आमच्या पेंटरनी पंख्याच्या बटनावर चिकटपट्टी मारून ठेवलेली. कावून? तर वारं लागलं की काचेतल्या बाईचं नाक उडून जाईल. जित्या बायकूचा उकाड्यानं जीव गेला तरी चालंल, पर काचेतलीच्या नाकाला धक्का लागायला नको.

पेंटर म्हणजे आमचे मालक, गहिनीनाथ. नेकनूरात त्यान्ला नावानं कुणी हाक मारत न्हाई. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रकाच्या मागची अक्षरं, समदं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आला. पोरं मोबाईलवर फोटू धाडतात आन् चहा पिऊस्तोर बोर्ड तयार. पेंटरचे रंग डब्यातच वाळले. आता एका डोळ्याचं आपरेशन झालंय, हात थरथरतो, बशीतला चहा सुदीक सांडतो.

ही काच गेवराईची. तिथं हायवेला विजयसिंहाचं हाटेल व्हतं. त्यानं हैदराबादहून एक गोळ्यांच्या खेळाचं जुनं परदेशी मशीन आणून ठेवलं व्हतं. नाणं टाकायचं, दांडी वढून सोडायची, की लोखंडाची गोळी टणाटण आपटत फिरायची आन् समोरच्या उभ्या काचेमागं दिवे लागायचे. त्या काचेवर रंगीत चित्र. लांबड्या लाल मोटारी, आन् एका मोटारीला टेकून उभी गोरी बाई. आंगावर कापड म्हणावं तर रुमालाएवढं. बाजाराला येणाऱ्या बायामाणसांनी वरडा केला, तवा विजयसिंहानं पेंटरला बोलावून सांगितलं, "हिला लुगडं नेसवा."

आता काचेचं काम असतं उलटं. काढायचं मागून आन् बघायचं पुढून. भिंतीवर कसं, एकावर दुसरा रंग मारला की खालचा झाकला. काचेवर तसं न्हाई. जे आधी लावलं तेच पुढून वर दिसतं, मागून लावलेलं त्याच्या आड जातं. म्हणून पेंटरनी ती गोरी बाई पाठीमागून ब्लेडनं खरवडून काढली आन् तिच्या जागी नवी काढायला घेतली. तिला चेहरा कुणाचा द्यायचा? आमचं लगीन नुकतंच झालेलं. मला अंगणात बाजंवर बसवलं आन् म्हणले, "हलू नको." सासूबाई दारातून बघत व्हत्या, मी लाजून मेले. पयलं कुकू काढलं, मग डोळ्याची बुबुळं, मग भुवया, आन् सगळ्यात शेवटी चेहऱ्याचा रंग. तवापासून मी हिरवं लुगडं नेसून लाल मोटारीला टेकून उभी हाय. असल्या मोटारीत बसायचा योग काय आला न्हाई.

पुढं हायवे रुंद झाला, हाटेल गेलं, मशीन भंगारात निघालं. पेंटर गेवराईला गेले आन् ती काच गोधडीत गुंडाळून, एस्टीत मांडीवर धरून घेऊन आले. चौकट केली, भिंतीला टांगली, मागं पिवळा बल्ब लावला. रोज सांजच्याला बल्ब लावायचा आन् समोर बसायचं. त्याच सालापासून मी अंगदच्या, माझ्या भावाच्या, टोळीत ऊस तोडायला जायला लागले. नवरा-बायकूची जोडी असली तर तो कोयता. मी एकली, म्हणून टोळीत मला अर्धा कोयता म्हणायचे. मी चिडायची न्हाई. अर्धीच व्हते ना, दुसरा अर्धा घरी काचेपुढं बसलेला.

त्या बल्बाच्या उबंनंच घात केला. रंगाचे पोपडे सुटले. आधी मोटारीचा एक दिवा गळला, मग माझ्या पदराचा काठ, मग गालावर भेगा पडल्या. पेंटर घाबरले. बल्ब काढून टाकला, काच उलटी करून बाजंवर आडवी ठेवली. अजिनाथनं, आमच्या लेकानं, गाडीच्या रंगाचा चकाकीचा फवारा आणून दिला. पेंटरनी आधी एका कोपऱ्यात मारून बघितला, तर मोटारीचं चाक जळल्यावानी आक्रसलं. फवारा गेला उकिरड्यावर. मग बाभळीचा डिंक पाण्यात भिजवला, फडक्यातून गाळला, आन् बारीक ब्रशनं एकेका पोपड्याच्या कडंला थेंब थेंब सोडत बसले. थरथरता हात दुसऱ्या हातानं धरायचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "एवढा गाल बसू दे." माझे गाल बसले त्याला किती वर्सं झाली, त्याचा पत्ता न्हाई!

खरं सांगू? मला त्या बाईचा राग यायचा. ती मीच हाय हे ठाऊक हाय, तरी यायचा. तिच्या हाताला घट्टे न्हाईत, तिचं कंबरडं दुखत न्हाई, आन् तिची एवढी सेवा!

मग घट बसायचे दिवस आले. घटाच्या आधी आमच्याकडं समदं घर धुऊन काढतात. गोधड्या वड्यावर जातात, भांडी अंगणात येतात, डबेडुबे, देवाचे फोटू, काय म्हणून शिल्लक ठेवायचं न्हाई. मी वड्यावर गेलते. पेंटर डोळा दाखवायला बीडला गेलते. घरात आमची सून दिपाली. गुणाची पोर, पर हात लई उतावळा. तिनं बाजंवरची काच उचलली. पुढून पुसली, लख्ख झाली. मागून बघते तर डिंकाचे डाग! मग तिनं फडकं चांगलं पिळून मागूनबी पुसली. डिंकच तो, पाण्यानं विरघळला. तोंडाचा जुना रंग त्याच्याच जिवावर टिकून व्हता.

मी वली गोधडी डोक्यावर घेऊन आले, तर दिपाली फडकं हातात धरून रडत उभी. "आत्या, तुमचं तोंड फडक्याला आलं वं." बघितलं तर मोटारी हाईत, लुगडं हाय, हात हाईत. मानंच्या वर नुसती काच, पलीकडची भिंत दिसती.

पेंटर आले, बघितलं, आन् पायातली चप्पल न काढता उंबऱ्यावर बसले. दिपालीला एक शब्द बोलले न्हाईत. त्या दिवशी जेवले न्हाईत, दुसऱ्या दिवशीबी न्हाई. मी ताट घेऊन पुढ्यात बसले. म्हणलं, "रंग हाईत, ब्रश हाय. परत काढा की." तर हे म्हणतात, "काढू कसं? ती बाई आता कुठनं आणू?"

मी समोर बसलेली. हातात भाकरीचं ताट. माझं टाळकंच सरकलं.

"कुठनं आणू म्हणजे? मी मेले का? ही कोण बसलीय तुमच्या म्होरं, शेजारीण हाय का? आन् काचेवरच्या बाईसाठी अन्नपाणी सोडलंत, माझ्यासाठी कधी एक घास सोडला का?"

मी ताट खाली ठेवलं, काच उचलून त्यांच्या मांडीवर दिली, डोक्यावरचा पदर मागं सारला आन् बाजंवर जाऊन बसले. "काढा. हाय अशी काढा."

लई येळ ते नुसतं बघत व्हते. नवा चष्मा पुसला, परत घातला. मग काच बाजूला ठेवून उठून जवळ आले. माझ्या भुवईच्या वर, पदराखाली कायम झाकलेली खूण हाय, तिच्यावर बोट ठेवलं.

"ही कधीची गं?"

"फडातली. अंगदच्या हातून कोयता निसटला व्हता. टाके पडले व्हते."

"मला कसं ठाऊक न्हाई?"

"मी घरी आले तवा तुमी बल्ब लावून बसला व्हता."

ते बाजंच्या कडंला टेकले, खाली मान घालून. मग म्हणले, "ही खूण गाळतो."

"गाळायची न्हाई," मी म्हणलं. "तिनं रक्त सांडलंय."

त्यांनी काच उभी धरली. उजवा हात डाव्यानं धरला. दिपाली दारात उभी राहून डोळे पुसत व्हती.

"हलू नको, कौशे," पेंटर म्हणले. आन् त्या रिकाम्या काचेवर सगळ्यात आधी त्यांनी ती खूण काढली. कुकू मागून.