देव्हाऱ्यातली हाथाजोडी

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या भाभीजींनी आईला हाथाजोडीचं सांगितलं. जोडलेल्या दोन हातांसारखं दिसणारं जंगलातलं दुर्मीळ मूळ. शेंदरात ठेवून पूजा केली की घरावरचं संकट टळतं म्हणे. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण साताऱ्याचं घर बंद करून दोघं माझ्याकडे शहरात, मानसरोवरच्या फ्लॅटवर आलेले, आईच्या ओळखीचं इथे धड कुणी नाही, दिवसभर ती नुसती बाबांच्या तोंडाकडे बघत बसायची. तिनं मागितलीच, म्हटलं, जाऊ दे, आणून टाकू.

देवळाबाहेर एक म्हातारा चादरीवर जडीबुटी मांडून बसायचा. बाबांचा खोकला त्याच्याकडच्याच ज्येष्ठमधानं बसला होता, खोटं कशाला बोलू? "जंगलच आमचं पोट भरतं, बेटी," असं तो नेहमी म्हणायचा. हाथाजोडी मात्र त्यानं इकडेतिकडे बघत पिशवीच्या तळातून काढून दिली. मला वाटलं, मोलाची वस्तू, जपत असेल. शहाणीच मी!

बाबा बरे झाले. आईनं डॉक्टरांना पेढे दिले आणि हाथाजोडीला रोज दुधाचा नैवेद्य सुरू केला. ही माझी आई, केकमध्ये अंडं नाही ना, हे दोनदा विचारल्याशिवाय तुकडा तोंडात न घालणारी.

मग ऑफिसातल्या एकीनं मला एक व्हिडिओ पाठवला. हाथाजोडी मूळ नसतंच. नर घोरपडीचं गुप्तांग कापून वाळवलेलं असतं. विकणं तर सोडाच, घरात ठेवणंसुद्धा गुन्हा. माझं डोकंच सटकलं. घरी येऊन चप्पलही न काढता मी आईला सगळं सांगून टाकलं. फटकळ तोंड माझं, दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबवलं नाही.

"काहीतरीच काय! मूळ आहे ते," आई म्हणाली आणि मला खोटं पाडायला तिनं ती चिमट्यात धरून गॅसवर नेली. क्षणात स्वयंपाकघरभर जळक्या केसांचा, मांसाचा वास सुटला. बाहेरून बाबांनी विचारलं, "काय करपलं गं?" मी खिडकी उघडली.

त्या दिवसापासून आईनं देव्हाऱ्याला हात लावला नाही. पूजा बाबा करायचे, कशीबशी. ती तेवढा वेळ बाल्कनीत जाऊन बसायची.

"अगं, आणली मी! तुझा काय दोष?" मी चिडून म्हणायची.

"पण मागितली कुणी? मीच ना?"

तिच्याकडे बघवत नव्हतं. चाळीस वर्षांची पूजा मी एका दमात मोडून ठेवली होती.

पंधरा दिवसांनी, मटार सोलता सोलता, मान वर न करता तिनं विचारलं, "आधी मारत असतील ना गं? मग कापत असतील."

"हो," मी म्हणाले. "मारूनच."

"नक्की ना?"

"नक्की. व्हिडिओत दाखवलंय."

ती उठली, हातपाय धुतले आणि देवापुढे दिवा लावला. व्हिडिओतली घोरपड जिवंत होती, कापून झाल्यावरही पाय झाडत होती.