पाण्यातून वर येणारी पिल्लं

समोरच्या खोलीत हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारा एक मुलगा राहायचा. एकदा वाटी घेऊन दारात आला. “आजी, तुमच्या पिंपातल्या डासांच्या अळ्या मिळतील?”

“लोक साखर मागतात रे.”

काचेच्या टाकीत तो न्यूटची, म्हणजे पाण्यातल्या पालींची, पिल्लं वाढवत होता. ती हलतं तेवढंच खात. उपाशी राहिली की एकमेकांचे पाय कुरतडत. हिरव्या उजेडात धुरासारखी तरंगायची, मानेशी पिसांसारखे कल्ले. बघता बघता माझी दुपार सरायची.

कल्ले झडू लागले तसं त्याने पाणी उतरवून दगड ठेवला. “आता वर आली नाहीत तर बुडतील.”

रविवारी एक पिल्लू दगडावर चढलं. मुलाने उठून पंखा बंद केला. “वाऱ्याची सवय नाही त्याला अजून.”

उकाड्यात आम्ही बसून राहिलो, दुसरं वर येईपर्यंत.