टिंब नसलेली ओळ

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका उन्हाळ्यात, सुरतेजवळच्या कामरेजच्या एका वर्कशॉपमध्ये भास्कर बोरसे यांनी चालू मशीनचे लाल बटण दाबले. कटर आणि कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, यांच्यात नखाएवढे अंतर राहिले होते. त्यानंतर त्यांनी मालकासमोर सांगितले की, प्रोग्रॅममधली दशांशाची टिंबे आपल्याला वर्षभरापासून दिसत नाहीत.

बोरसे अमळनेरकडचे. सुरतेत ते लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायला आले आणि धातू कापण्याच्या मिलिंगवर रमले. वर्कशॉपचे मालक हसमुखभाई यांनी परदेशातून प्रोग्रॅमवर चालणारे जुने पाच अक्षांचे सीएनसी मशीन आणले, तेव्हा ते बोरसे यांच्या ताब्यात दिले. साध्या मशीनवर कटर तीन दिशांना सरकतो. शिवाय या मशीनचे टेबल गोल फिरे आणि कलतही असे. "तीन अक्षांत चुकायला जागा असते," बोरसे म्हणत. "पाचात टेबल स्वतः उठून कटरला भेटायला येतं."

मी तिथे तयार जॉब मोजण्याच्या टेबलावर होतो. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. ते कधी निवांत दिसले नाहीत. डबा खातानाही त्यांचे तोंड मशीनकडे असे. कापण्याची सायकल सुरू झाली की त्यांचा तळवा लाल बटणावर जाई आणि ती संपेपर्यंत तिथून हलत नसे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो स्वतः तपासायचा नाही, हा त्यांचा नियम होता. मी पडद्यावरून एकेक ओळ मोठ्याने वाचायची. ते पडद्याकडे पाठ फिरवून, डोळे मिटून ऐकत. "झेड दीडशे, टिंब." झेड म्हणजे कटरची उंची. आकड्यामागचे टिंब म्हणायचे राहिले की ओरडत, "टिंब खाल्लंस का? भाकरीबरोबर खा, इथं नको." त्या मशीनला टिंब नसलेला आकडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत वाटे. दोनशे मिलिमीटर वर जायचा कटर दोन-तीन केसांच्या जाडीइतकाच उचलला जाई.

पोलादाला हात लावण्याआधी ते कपडे धुण्याच्या साबणाची वडी टेबलावर बांधून पूर्ण प्रोग्रॅम चालवत. साबणाचा कीस पिशवीत भरून घरी जाई. "आमना घरमा साबण मशीनवर किसाईसन येस," त्यांच्या पत्नी, निर्मलावहिनी, हसून सांगत. एकदा दुसऱ्या पाळीच्या जयेशने सवयीने साबणावर कूलंटचे थंड पाणी सोडले. फेस दारापर्यंत आला. आबा फेसात उभे राहून म्हणाले, "आता तूच आंघोळ कर. पाळीचा वेळ त्यातच मोड."

बाकीच्या सूचना ते रोज नव्याने देत. टेबल कलण्याआधी कटर वर गेलाच पाहिजे. कटर त्याला धरणाऱ्या होल्डरबाहेर हवा तेवढाच काढायचा. लाइट गेली तर प्रोग्रॅम मधून सुरू करायचा नाही. टेबल कोणत्या कोनात थांबले आहे ते आधी पाहायचे. आणि सगळ्यात जास्त वेळा: "बदललेली एक ओळ म्हणजे नवा प्रोग्रॅम. परत साबणापासून."

लाल बटण दाबले त्या दिवशीचा जॉब लूमचा कॅम, म्हणजे फिरताना धागे वर-खाली करणारा भाग, होता. कठीण पोलादाचा गोळा सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या एका कारखानदाराने दिला होता. दुसरा गोळा नव्हता. कारखानदाराचे लूम बंद पडले होते, म्हणून तो स्वतःच येऊन बसला होता. साबणावरची चाचणी आदल्या दिवशी नीट झाली होती. सकाळी आबांना वाटले की होल्डर जॉबच्या खांद्याला घासेल. त्यांनी लांब कटर लावला. त्यामुळे कटर वर उचलण्याची उंची दीडशेऐवजी दोनशे करावी लागली. ती एक ओळ त्यांनी बोटांच्या सवयीने बदलली. कारखानदार खोळंबला होता; साबण पुन्हा बांधला नाही.

"ये रे, एक ओळ वाचून दे," त्यांनी मला हाक मारली.

"आबा, हे माप झालं की आलो."

कारखानदाराने घड्याळाकडे पाहिले. हसमुखभाई म्हणाले, "एक ज लाइन छे ने, बोरसेभाई? चालु करो."

"वाचल्याशिवाय नको, शेठ."

"लखी छे तमे, तो तमे ज वांची लो ने!" लिहिली तुम्ही, मग वाचाही तुम्हीच, असा शेठचा हिशोब.

आबा पडद्याजवळ गेले. नाक काचेला लागेल इतके वाकले. खिशातून फडके काढून काच पुसली, पुन्हा वाकले. मग मागे सरून त्यांनी हिरवे बटण दाबले. पुढे त्यांनीच मला सांगितले की, आणखी हट्ट केला असता तर शेठने विचारले असते, तुम्हाला वाचायला काय झाले? आणि ज्याला दिसत नाही त्याला हे मशीन कोण देईल?

पहिला काप नीट झाला. कटर दोनशे मिलिमीटर वर जाताना त्या मशीनची लांब घरघर येत असे. ती आली नाही. खट्‌ एवढाच आवाज झाला आणि टेबल कलू लागले. आबांचा तळवा खाली गेला. मशीन थांबले.

"शुं थयुं?" कारखानदार उठला.

आबांनी त्याच्याकडे पाहिले नाही. मला म्हणाले, "ती ओळ वाच."

"झेड दोनशे."

"टिंब?"

"टिंब नाही, आबा."

ते स्टुलावर बसले. हात मांड्यांवर ठेवले. कामावर ते घरची बोली कधी बोलत नसत, तेव्हा बोलले. "मन्हा डोयासले टिंब दिसत नही, शेठ. वरीस झायं."

हसमुखभाईंनी वाकून कटर आणि जॉबमधले अंतर पाहिले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "जॉब पूरो करो. आ वांचशे. बीजी वात पछी." वाचायचे मी; बाकीचे बोलणे नंतर.

टेबल सावकाश मागे आणून जॉब उतरवला. टिंब घातले, साबण बांधला. पहिल्या ओळीपासून मी वाचले, आबांनी ऐकले. मग पोलाद पुन्हा चढले. संध्याकाळी कॅम मी स्वतः मोजला. तो मापात होता. कारखानदार तो फडक्यात गुंडाळून घेऊन गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की, रक्तातल्या साखरेमुळे डोळ्यांचा मागचा पडदा खराब झाला आहे, चष्म्याने फरक पडणार नाही. हसमुखभाईंनी त्यांना मशीनवरून काढले आणि स्टोअर सांभाळायला सांगितले. आबा दोन दिवस स्टोअरमध्ये बसले. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. दिवाळीच्या आधी नवरा-बायको गावी गेले. मशीन माझ्याकडे आले.

दिवाळीनंतर सामान न्यायला निर्मलावहिनी एकट्याच सुरतेला आल्या. जाताना वर्कशॉपमध्ये थांबल्या. पिशवीतून साबणाच्या दोन अखंड वड्या काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या.

"त्यासनी धाडेल शेत," त्या म्हणाल्या. "सांगं शे, बदलेल ओय पयले साबणवर चालाडजो." बदललेली ओळ आधी साबणावर, हा जुनाच निरोप.

"आबा कसे आहेत?"

"उजेड समजस. माणूस आवाजवरथीन वयखतस." आबा आता माणसे आवाजावरून ओळखत होते.

त्या रिक्षाने गेल्या. एक वडी मी कपाटात ठेवली, दुसरी मशीनच्या टेबलावर बांधली. त्या दिवशीचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तो जयेशने वाचला.