मागं वाजवणाऱ्या बाई

मुंबईच्या हॉटेलांत बरीच वर्षं जॅझ गिटार वाजवून मी लातूरला परतलो, तेव्हा जिल्हा नवा झाला होता अन् नळ कोरडे पडले होते. वडिलांच्या आडत दुकानावरच्या माडीत मी क्लास काढला. थोरला भाऊ वैतागला, "लोकाला प्यायला घागर मिळंना, अन् ह्याला गिटार सुचायलीय!"

खरं सांगू? शिकवायची हौस मला नव्हतीच. जॅझमध्ये एकानं मागं कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, धरायचे, तेव्हा दुसऱ्याला पुढं त्या क्षणी सुचेल ते वाजवता येतं. मला तो मागचा माणूस पाहिजे होता. सगळ्या लातुरात एक न्हाई!

शेवटी कलेक्टर कचेरीतल्या टायपिस्टबाई आल्या. हदगावच्या. बोटांत जोर लई, पण ताल टाइपरायटरचा, एकसारखी टकटक. मी खेकसायचो, "अहो बाई, टँकरचा हुकूम टाईप करायलात का? जरा झुलू द्या!" त्या हसायच्या अन् पुन्हा धरायच्या. येताना प्यायचं पाणी बाटलीत आणायच्या, जाताना उरलेलं माझ्या माठात ओतायच्या.

दोन वर्षं गेली. एका संध्याकाळी झुललं की हो! तासभर मी मनसोक्त वाजवलं. डोळे भरून आले, ते लपवलेही न्हाईत.

मग त्या अधूनमधून विचारू लागल्या, "सर, पुढचं मला कधी शिकवणार?"

"आधी मागचं पक्कं होऊ द्या."

लबाड होतो मी. मागचं केव्हाच पक्कं झालं होतं. पण त्या पुढं गेल्या तर माझ्या मागं कोण बसणार?

एक दिवस त्या गिटार न काढताच बसून राहिल्या. बिलोलीला बदली झाली होती. "माझा हुकूम मीच टाईप केला, सर." तेव्हा तरी 'आज तुम्ही पुढं' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हणालो, "एकदा शेवटचं माझ्यामागं वाजवा." त्यांनी वाजवलं. एकही चूक केली न्हाई. बाटलीतलं पाणी माठात ओतलं अन् जिना उतरल्या.

पुढं खूप पोरं शिकवली. नाव काढलं काहींनी. पण तसं झुलणं पुन्हा कानावर आलं न्हाई, अन् त्या बाईंची आठवण काही जाईना.

आता रोज संध्याकाळी मी नुसते मागचे कॉर्ड धरतो. पुढची जागा मोकळी ठेवतो. या की बाई, तुमची पाळी हाय.