एकाच माणसासाठी पॅकेज

एकच सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा तिन्हीकडे चालवायचं म्हटलं की चुका दुरुस्त होऊन जातात, किस्से मात्र साठत राहतात. आमच्याकडे तर ढीग आहे!

आम्ही तिघं परवाना काढलेले हौशी रेडिओवाले. मी कराडचा, सलीम इस्लामपूरचा मोटर रिवाइंडिंगवाला आणि आटपाडीचे आबा, फौजेतून निवृत्त. रेडिओला कॉम्प्युटर जोडणारं एक फुकट, खुलं सॉफ्टवेअर आहे. जगभरचे हौशी लोक त्याचा कोड लिहितात. आम्ही त्यातून कुणालाही सहज इन्स्टॉल करता येतील अशी पॅकेजेस बांधतो.

*

सलीमच्या पहिल्या पॅकेजमध्ये त्याची स्वतःची सेटिंग्ज तशीच राहिली. प्रत्येक रेडिओवाल्याला कॉलसाइन असतो, म्हणजे हवेतलं त्याचं नाव. ज्याने ज्याने ते पॅकेज टाकलं, तो सलीमच्या नावाने बोलायला लागला!

"मी हितं मोटर भरतोय, आन् मी ब्राझीलमधनं बोलतोय म्हनं!" सलीम रडकुंडीला आला.

आबा म्हणाले, "लेका, पासपोर्टबिगर लय लांब गेलास की!"

*

मॅक आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. पाचगणीतल्या एका मास्तरांकडे होता, म्हणून पॅकेज घेऊन घाट चढलो. मॅकने ते उघडायलाच नकार दिला. म्हणे, बनवणारा अनोळखी आहे!

आबा स्क्रीनपुढे वाकले. "आटपाडीत कुनालाबी इचार की गड्या!"

*

आबांना बोलायचं वेड. माइक त्यांच्या हातात गेला की आमची पाळी यायचीच नाही. मोर्स कोड येत असूनही कधी वापरला नाही. "त्या टिकटिकीत मानूस कुटं दिसतो रं?"

मग घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. आबा वाचले, आवाज गेला.

आबांच्या घरून काकींचा फोन आला. "रेडिओवर फडकं टाकलंय त्यांनी. दिसभर भितीकडं त्वांड करून बसत्यात. कायतरी करा रं."

हा माणूस असाच गप्प राहून संपेल, अशी मला भीती वाटली.

*

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं रेडिओवरून पाठवायची सोय होती. पण आबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चालेना, आणि आम्ही नेलेल्या नव्या लॅपटॉपला आबा हात लावेनात. सलीम हट्टाला पेटला. जुन्या मशीनसाठी वेगळं पॅकेज बांधायला बसला आणि एका जागी अडकला. शेवटी त्याने परदेशातल्या मूळ प्रोग्रामरला विचारलं.

त्याचा प्रश्न आला, "हे किती जण वापरणार?"

सलीमने लिहिलं, "एक."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. खाली एवढंच होतं, "करून बघा."

*

सलीम आटपाडीला जाऊन ते पॅकेज टाकून आला. रविवारी दुपारी आम्ही दोघं त्याच्या दुकानात रेडिओ लावून बसलो. समोरचा टाइप करेल तसं एकेक अक्षर आपल्या स्क्रीनवर उमटतं. बराच वेळ काहीच आलं नाही.

मग रोमन लिपीत अक्षरं यायला लागली. चुकायची, पुसली जायची, पुन्हा यायची.

"सलीम, जेवलास का रं?"

सलीमने कीबोर्ड बाजूला सारून माइक उचलला. "व्हय आबा, जेवलो."

डबा बाकावर तसाच बंद होता.

आटपाडीहून या वेळी न अडखळता अक्षरं आली, "खोटं बोलतुयास. आदी जेव."